पागोळ्यांचें पाणी

(नभोवाणीवरील भाषण)



मृग नक्षत्र तोंडावर आलें म्हणजे घरोघर ठराविक तयारी सुरू होते. कौलें चाळलीं जातात, गच्चीच्या भेगा बुजविल्या जातात, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले जातात, आणि अडगळींतल्या छत्र्या उघडून त्यांच्या काड्या तपासल्या जातात. पावसापासून घराचा बचाव कसा करावा ह्याचा विचार सर्वच करतात. परंतु त्याच पावसाचा घरास उपयोग कसा करून घ्यावा, हा विचार मात्र फारच थोड्यांच्या मनांत येतो. छपरावर पडलेलें पाणी जितक्या लवकर गटारांत जाईल तितकें बरें, अशीच शहरांतील बहुतेक गृहस्थांची समजूत असते.

ह्या समजुतीचा परिणाम कोणत्याही पेठेंत जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत पाहावयास मिळतो. मृगाची पहिली जोराची सर येऊन जाते. पन्हळीतून पाणी धो धो वाहतें, रस्त्यावर घोटाभर साचतें आणि घटकाभरांत नाहींसें होतें. मग पाऊस आठ-दहा दिवस उघडीप देतो. नवीन लावलेलीं रोपें माना टाकूं लागतात, आणि तेच गृहस्थ सकाळीं नळाला रबरी नळी जोडून गुलाबाला पाणी घालीत उभे राहतात. हें नळाचें पाणी कोठून आलेलें असतें? दूरच्या धरणांत तें सांठविलेलें असतें. तुरटीनें निवळून, वाळूंतून गाळून, क्लोरीननें शुद्ध करून, विजेच्या पंपांनीं उंच टांक्यांत चढवून तें घरापर्यंत आणलेलें असतें. माणसानें प्यावें म्हणून इतका खटाटोप केलेलें पाणी मातीत ओतावयाचें, आणि मातीसाठींच आकाशांतून आलेलें पाणी गटारांत सोडावयाचें, असा हा उलटा व्यवहार आहे.

पूर्वींच्या लोकांचा व्यवहार असा नव्हता. जुन्या वाड्यांत पहिल्या सरीबरोबर माजघरांतून सासूबाईंची हांक येई, "अगो, पागोळ्या लागल्या, घंगाळ लाव!" आणि सून घंगाळ, हंडा, काठवट जें हाताशीं सांपडेल तें वळचणीखालीं मांडीत असे. त्या पाण्यांत धुणें होई, भांडीं होत, परसांतल्या अळवाला व कर्दळीला तें जाई. विहिरीवरून पाणी ओढण्याचें काम ज्यांच्या हातांना करावें लागे, त्यांना पागोळीच्या पाण्याची किंमत शिकवावी लागत नव्हती. भरलेलें एक घंगाळ म्हणजे विहिरीच्या तितक्या खेपा वांचल्या, हा हिशेब घरांतील लहान मुलीसही कळत असे.

ही दृष्टि महाराष्ट्राच्या भूमींत फार जुनी आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या डोंगरांत शंभरांहून अधिक लेणीं आहेत, आणि बहुतेक लेण्यांशेजारीं खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें आहे. डोंगरउतारावरचें पाणी खडकांत कोरलेल्या बारीक पाटांनीं ह्या टांक्यांत उतरविलेलें दिसतें. तेथील प्राकृत शिलालेखांत टांक्यास 'पोढी' म्हटलें आहे. लेण्याप्रमाणेंच पोढी खोदवून देणें हेंही पुण्यकर्म समजलें जाई, आणि दात्याचें नांव दगडावर कोरलें जाई. पुढें सह्याद्रीवर किल्ले उभे राहिले ते ह्याच टांक्यांच्या बळावर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गप्रकरणीं पाण्याचा विचार अग्रभागीं आहे. गडावर एखादा झरा सांपडला एवढ्यावर निर्धास्त राहूं नये, युद्धप्रसंगीं झरे आटतात, म्हणून टांकीं-तळीं बांधून पाण्याचा सांठा करावा, असा त्यांचा आशय आहे. गुजराथेंत अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांत आणि पोरबंदरास महात्मा गांधींच्या वडिलोपार्जित घरांतही पावसाचें पाणी सांठविण्याचें भुयारी टांकें आहे.

मग ही विद्या शहरांतून गेली कशी? तिचें कारण नळ. मुंबईस १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें येऊं लागलें, १८९२ सालीं तानसाचें आलें, आणि शहरांतल्या तळ्यांची गरज संपली. तळें बुजलें, धोबीतलाव हें नांव तेवढें राहिलें. नळानें शहरांतील लाखो माणसांचें, विशेषतः स्त्रियांचें, कष्ट वांचविले आणि रोगराई कमी केली, हें उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु तोटी फिरविली कीं पाणी येतें ह्या संवयीनें पाण्याचा हिशेब ठेवण्याची बुद्धि मात्र मंदावली.

तो हिशेब करणें अगदीं सोपें आहे. चौथीच्या मुलालाही तो पाटीवर करतां येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. एवढें एकच सूत्र लक्षांत ठेवावें. आतां पुण्यासारख्या गांवीं वर्षाचा पाऊस सरासरीनें सुमारे ७०० मिलिमीटर धरला, आणि एखाद्या लहानशा बंगलीचें छप्पर १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७५ चौरस फूट धरलें, तर त्या छपरावर वर्षांत ७०,००० लिटर पाणी पडतें. कांहीं कौलांत मुरतें, कांहीं उडून जातें, कांहीं सांडतें. म्हणून पंचमांश वजा केला तरी ५६,००० लिटर हातीं लागण्याजोगें उरतें. मुंबईस पाऊस ह्याच्या तिपटीहून अधिक; तेथें तेंच छप्पर पावणेदोन लाख लिटरांच्या घरांत पाणी देतें. दोनशें लिटरांचें एक पिंप भरावयास तर ह्या छपरावर अडीच मिलिमीटर पाऊस पुरे. मृगाची एखादी सर तेवढें काम पाव घटकेंतही करते.

येथें विचारी श्रोता एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. इंग्लंडसारख्या देशांत पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो; तेथें पिंप रिकामें होतें तोंच पुनः भरतें. महाराष्ट्रांत पाऊस चार महिने पडतो आणि आठ महिने तोंड दाखवीत नाहीं. पाऊस पडत असतो तेव्हां बागेला पाणी नको असतें, आणि बागेला पाणी हवें असतें तेव्हां पाऊस नसतो. मग पिंपाचा उपयोग काय?

उपयोग आहे, परंतु त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. वीस कुंड्यांना रोज एकेक लिटर घातलें तर दोनशें लिटरांचें पिंप दहा दिवस पुरतें. जून, जुलै, ऑगस्ट ह्या महिन्यांत ज्या उघडिपी पडतात, त्या बहुधा ह्याच मापाच्या असतात. तेव्हां पिंप रोपांचा जीव वांचवितें. शिवाय सज्जांतल्या आणि वळचणीखालच्या कुंड्यांना भर श्रावणांतही पावसाचा थेंब मिळत नाहीं, त्यांना हें पाणी रोजचें. एक हजार लिटरांची टांकी असेल, तर हस्ताच्या पावसानें भरलेली ती टांकी त्याच वीस कुंड्यांना पन्नास दिवस, म्हणजे कार्तिक उलटेपर्यंत नेते. परंतु वीस चौरस मीटरांचा भाजीचा वाफा असेल, तर उन्हाळ्यांत त्याला रोज शंभर लिटर तरी लागतात. तेथें दहा हजार लिटरांचा हौदही शंभर दिवसांत तळ दाखवितो. म्हणून पिंपानें वर्षाची तहान भागेल असें कोणी सांगितलें तर त्यावर विश्वास ठेवूं नये. आणि पिंपानें कांहींच साधत नाहीं असें कोणी म्हटलें तर त्यावरही ठेवूं नये.

आतां प्रत्यक्ष मांडणीकडे वळूं या. कौलारू किंवा पत्र्याच्या छपरास वळचणीला पन्हळ लागते. तिला उताराच्या बाजूस दर दहा फुटांस इंचभर तरी ढाळ द्यावा. सपाट पन्हळींत पाणी व पाला दोन्ही साचतात. गच्ची असेल तर तिचा ढाळ ज्या तोंडाकडे असेल तेथें जाळी बसवून खालीं नळी आणावी. पिंप जाड प्लॅस्टिकचें आणि काळ्या किंवा गडद रंगाचें घ्यावें. उजेड आंत शिरला कीं पाण्यावर शेवाळ धरतें. जुन्या बाजारांतून पिंप घ्यावयाचें असेल तर त्यांत पूर्वीं काय भरलेलें होतें ह्याची आधीं खात्री करावी; रसायनांचें किंवा औषध-फवारणीचें पिंप कितीही धुतलें तरी वापरूं नये. पिंपाखालीं विटांचा दोन फूट उंचीचा पक्का चौथरा बांधावा, म्हणजे तळाशीं बसविलेल्या तोटीखालीं झारी सहज बसते. वजनाचा विचार विसरूं नये. दोनशें लिटर पाणी म्हणजे दोनशें किलो, आणि हजार लिटर म्हणजे एक टन. एवढा भार सज्जावर किंवा कच्च्या जमिनीवर ठेवणें धोक्याचें आहे. झांकण घट्ट बसणारें हवें, आणि तें मुलांना उघडतां येणार नाहीं असें हवें. भरलेलें पिंप व भरलेली विहीर ह्यांत लहान मुलाच्या दृष्टीनें फरक नसतो.

दुसरी गोष्ट पहिल्या पाण्याची. आठ महिने छपरावर धूळ बसलेली असते, पांखरांची विष्ठा असते, सुकलेला पाला असतो. मोसमांतील पहिल्या एकदोन सरींचें पाणी सांठवूं नये. तें छप्पर धुण्याचें पाणी समजून सोडून द्यावें. पुढेंही उघडिपीनंतरच्या प्रत्येक सरीचा पहिला मिलिमीटर-दीड मिलिमीटर पाऊस, म्हणजे शंभर चौरस मीटर छपराचें शंभर-दीडशें लिटर पाणी, पिंपांत जाऊं न देणें चांगलें. ह्यासाठीं दर वेळीं पावसांत भिजत उभें राहण्याचें कारण नाहीं. छपरावरून येणाऱ्या नळीला पिंपाच्या अलीकडे एक खालीं तोंड केलेली जाड आंधळी नळी जोडावी आणि तिच्या बुडाशीं फिरकीचें झांकण बसवावें. गढूळ पाणी प्रथम तींत भरतें. ती भरली म्हणजे मागचें स्वच्छ पाणी आपोआप पिंपाकडे वळतें. झांकणास एक बारीक भोंक ठेवलें तर आंतलें पाणी ठिबकून जातें व नळी पुढच्या सरीस मोकळी होते. नळी लहान असली तर सगळें घाण पाणी तींत मावणार नाहीं, परंतु बरेंचसें अडेल. आणि बागेपुरतें तेवढें चालतें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होणार असेल तर पिंप न मांडलेलें बरें. ती म्हणजे डांस. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे रोग पसरविणारा एडीस जातीचा डांस घाण गटारांपेक्षां घरांतल्या स्वच्छ, सांठविलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो. अंड्यापासून डांस उडावयास आठ-दहा दिवस पुरतात. त्याचीं अंडीं पाण्याच्या कडेला भांड्यास चिकटून राहतात आणि पाणी आटल्यावरही कित्येक महिने जगतात. म्हणून भांडें नुसतें पालथें करून भागत नाहीं, तें घांसावें लागतें. उपाय सोपे आहेत. पिंपाच्या प्रत्येक तोंडाला, आंत येणाऱ्या नळीला आणि वरून सांडणाऱ्या नळीलाही, डांसाच्या जाळीचें कापड ताणून बांधावें. झांकणावर पाणी साचूं देऊं नये. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यांतून एकदां कोरड्या कराव्या. उघडा हौद असेल तर त्यांत गप्पी मासे सोडावे. आणि दर रविवारीं घरांतील एखाद्या मुलाकडे हें तपासण्याचें काम सोंपवावें. मुलें असलीं कामें मोठ्यांपेक्षां काटेकोरपणें करतात.

हें पाणी पिण्याचें नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तोटीवर तशी पाटी लावावी, आणि पिंपाची नळी घरच्या नळाला कधींही जोडूं नये. मात्र झाडांना तें नळाच्या पाण्यापेक्षां मानवतें. पावसाच्या पाण्यांत क्षार जवळजवळ नसतात. कूपनलिकेचें जड पाणी वर्षानुवर्षें घातलेल्या कुंड्यांच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तो ह्या पाण्यानें धरत नाहीं. उलट मातींत सांचलेले क्षार तें हळूहळू धुवून काढतें. नेचे, ऑर्किड, आणि नुकतें उगवलेलें रोप ह्यांना तें विशेष मानवतें. अंगण धुणें, सायकल किंवा मोटार पुसणें, चिखलानें भरलेल्या चपला धुणें ह्या कामांसही तेंच वापरावें. जड पाण्यापेक्षां ह्यांत साबणाला फेंस अधिक येतो.

पिंप भरल्यावर काय? श्रावणांत तें रोज भरून सांडेल, आणि सांडलेलें पाणी घराच्या पायाशीं मुरूं लागलें तर भिंतींना ओल येईल. म्हणून वरची सांडनळी पायापासून निदान दहा फूट दूर न्यावी. तेथें एखादें झाड असेल तर त्याच्या आळ्यांत ती सोडावी. नाहीं तर तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार-पांच फूट खोल असा शोषखड्डा करून त्यांत खालीं मोठे दगड, त्यावर खडी आणि वर वाळू भरावी. मुरमाड जमिनींत पाणी लवकर मुरतें. काळ्या चिकण मातींत तें तुंबतें, म्हणून तेथें मुरूम लागेपर्यंत खोदावें. वाड्यांत जुनी विहीर असेल आणि ती कचऱ्यानें बुजली नसेल, तर वाळूच्या गाळणींतून स्वच्छ केलेलें छपराचें पाणी तिच्याकडे वळविणें हा सर्वांत मोठा लाभ. कोंकणांत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही वैशाखांत विहिरी तळाला जातात, कारण जांभ्या दगडांतून पाणी जितक्या लवकर आंत जातें तितक्याच लवकर उतारावरून निसटतें. पाऊस किती पडला यापेक्षां तो किती काळ थांबला, ह्यावर चैत्र-वैशाखाचें भवितव्य ठरतें.

ह्यावरून सबंध मोसमाचा एक क्रम बसवितां येतो. मृगापूर्वीं छप्पर झाडावें, पन्हळ साफ करावी, जाळ्या बदलाव्या. पहिल्या सरी सोडून द्याव्या. मधल्या दोन-अडीच महिन्यांत पिंप भरावें व वापरावें, आणि जास्तीचें पाणी जमिनींत घालावें. आणि भाद्रपद सरतां सरतां, उत्तरा व हस्त लागले म्हणजे, पिंप एकदां रिकामें करून घांसावें व शेवटच्या पावसानें कांठोकांठ भरून ठेवावें. पुष्कळ लोक ह्याच्या नेमकें उलट करतात: जूनमध्यें हौसेनें पहिलें गढूळ पाणी भरतात, आणि सप्टेंबरांत कंटाळून पिंप पालथें घालतात. वास्तविक परतीच्या पावसाचा प्रत्येक लिटर हा मृगाच्या दहा लिटरांइतका मोलाचा असतो, कारण त्याच्यामागें दुसरा पाऊस येणार नसतो.

एवढ्या खटाटोपानें एका घराचें किती साधतें, असें कोणास वाटेल. त्यांनीं २०१६ सालचा एप्रिल महिना आठवावा. लातूर शहरास प्यावयास पाणी उरलें नाहीं, आणि मिरजेहून आगगाडीनें तें न्यावें लागलें. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकींत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होतें. म्हणजे एकूण पांच लाख लिटर. लातूर कांहीं वाळवंट नव्हे. सरासरीच्या वर्षीं तेथेंही पुण्याइतका पाऊस पडतो. आतां मघांचा हिशेब पुनः मांडावा. शंभर चौरस मीटरांचें एक छप्पर वर्षाला छप्पन हजार लिटर देतें. तेव्हां अशीं नऊ छपरें म्हणजे ती एक आगगाडी. पाऊस निम्मा झाला तर अठरा छपरें. एका लहान आळींत तेवढीं घरें असतात. ज्या पाण्यासाठीं शेंकडों किलोमीटरांवरून गाडी धांवली, तेवढें पाणी त्या आळीच्या पागोळ्यांतून दरसाल वाहून जात असतें, आणि तें कोणी मोजलेलें नसतें.

तमिळनाडूंत २००३ सालीं छपरावरचें पाणी जिरविण्याची व्यवस्था प्रत्येक इमारतीस सक्तीची झाली. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यांत चेन्नईचे मोठे जलाशय कोरडे पडले. ह्याचा अर्थ ती व्यवस्था निरुपयोगी, असा नव्हे. एवढें मोठें शहर केवळ छपरांवर तरणार नाहीं, हें उघड आहे. आणि सरकारी हुकुमानें नळी बसवितां येते, परंतु दरसाल मृगापूर्वीं तिच्यांतला पाला काढावयास घरच्याच माणसाचा हात लागतो, हेंही तितकेंच खरें आहे.

तो हात ज्या घरांत आहे, तेथें वैशाखांत एक लहानसा फरक दिसून येतो. नळाला दिवसाआड पाणी येऊं लागतें, दारांत टँकरची वाट पाहिली जाते, आणि घरांतल्या बाईला रोज सकाळीं ठरवावें लागतें कीं उरलेली बादली भांड्यांना द्यावी कीं मोगऱ्याला. ज्या विहिरींत पावसाळाभर छपराचें पाणी उतरलें, तिला त्या दिवसांतही हातभर ओल टिकण्याचा संभव असतो. ज्या आंब्याच्या मुळांशीं चार महिने सांडनळी वाहिली, तो सहसा पान गाळीत नाहीं. मोगरा वांचतो, आणि भांडींही निघतात.

मृगाला अजून कांहीं दिवसांचा अवकाश आहे. तेवढ्यांत शिडी लावून पन्हळींतला पाला काढणें, एक पिंप धुवून चौथऱ्यावर चढविणें आणि त्याच्या तोंडाला जाळी बांधणें, एवढें एका रविवारचें काम आहे. तें श्रोत्यांनीं येत्या रविवारींच करावें. पहिली सर आली म्हणजे मग शिडीवर चढावयास कोणी धजत नाहीं.